अ‍ॅपमधल्या पाकिटांची बेरीज बँकेशी जुळतच नाही, दर महिन्याला तेच

25 तारीख आली की आमच्याकडे ठरलेला सीन. जेवणं झाली, ओटा आवरला की मी मोबाईल घेऊन बसते, घरखर्चाच्या अ‍ॅपमधल्या सगळ्या पाकिटांची बेरीज बघते, मग बँकेचं अ‍ॅप उघडते आणि दोन आकडे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. सलग चार महिने हेच चाललं होतं. पहिले तीन महिने मी काय केलं, तर ते बॅलन्स अ‍ॅडजस्ट करायचं बटण असतं ना, ते दाबलं, आकडे जुळले, झोपून गेले. पुढच्या 25 ला परत जैसे थे. चौथ्या महिन्यात डोकं फिरलं, वही-पेन घेऊन बसले आणि अडीच तास घालवून शेवटच्या रुपयापर्यंत शोधून काढलं. अडीच तास गेलेच आहेत तर निदान लिहून ठेवते, कारण माझ्या दोन मैत्रिणींकडे सेम हाच घोळ निघाला आणि दोघींनीही अ‍ॅप भंगार आहे म्हणून काढून टाकलं होतं. अ‍ॅपची चूक फार नसते हो यात.

ज्यांनी हा प्रकार वापरलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. पगार आला की तो कागदोपत्री पाकिटांत वाटून टाकायचा, वाणसामान, भाजी-दूध, लाइट बिल, लोकलचा पास, मुलाची फी, दवाखाना, किरकोळ वगैरे. खर्च केला की त्या त्या पाकिटातून वजा. पाकीट संपलं की संपलं, फारच गरज असेल तर दुसऱ्या पाकिटातून उचलायचं पण डोळ्यांदेखत उचलायचं. माझी आई हेच करायची, फक्त तिच्याकडे स्टीलचे डबे होते आणि रबर लावलेल्या नोटा. तिचा हिशोब कधी चुकायचा नाही याचं मला लहानपणी फार कौतुक, आता कळतंय की तिच्याकडे खिसा एकच होता. सगळं रोख. आमच्याकडे बँक, घरातली रोकड, माझ्या फोनमधलं यूपीआय लाइट (बारक्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायचा बटवा), नवऱ्याचं क्रेडिट कार्ड, गाडीचा फास्टॅग, भिशी, म्हणजे सहा खिसे झाले, आणि माझा सगळा घोळ हा पैसे या खिशातून त्या खिशात गेले की अ‍ॅप त्याला खर्च समजतं यातून झालेला होता. (सगळा म्हणजे जवळपास सगळा, बाकीचं पुढे येतंय.)

आता त्या रात्रीचे आकडे. बँकेत 31,640. अ‍ॅपमध्ये पाकिटांची बेरीज 17,060. म्हणजे 14,580 चा फरक, बघूनच पोटात गोळा आला. पण यात पहिली चूक माझीच होती, मी पाकिटांची तुलना नुसत्या बँकेशी करत होते. पाकिटात जो पैसा दिसतो तो घरातला सगळा पैसा असतो, बँकेतला एकटा नाही. म्हणून आधी सगळे खिसे मोजले. बँक 31,640, पर्स आणि कपाट मिळून रोख 2,150, यूपीआय लाइटमध्ये 380, झाले 34,170. त्यातून क्रेडिट कार्डवर उचललेले आणि अजून न भरलेले 6,820 वजा, कारण ते पैसे बँकेत दिसत असले तरी आपले नाहीत, पुढच्या बिलाला जाणारच आहेत. राहिले 27,350. हा खरा आकडा. म्हणजे फरक 14,580 नाहीच, 10,290 आहे. बाकीचे 4,290 नुसते चुकीच्या गोष्टीशी तुलना केल्यामुळे दिसत होते. तुमचा फरक शोधायला बसण्याआधी हे एवढं कराच, कित्येकदा इथेच प्रश्न संपेल.

आणि गंमत बघा, अ‍ॅप पैसे कमी दाखवत होतं आणि खिशात जास्त होते. नवरा म्हणाला, मग बरंच आहे की, कशाला शोधतेस. पण मी त्या महिन्यात भाजीचं पाकीट रिकामं दिसतंय म्हणून दवाखान्याच्या पाकिटातून उचललं होतं, आणि उचलायची काही गरजच नव्हती. बरं, जास्त का आहेत हे कळल्याशिवाय ते खर्चही करवत नाहीत. त्यामुळे शोधलंच.

सगळ्यात मोठा मासा 5,000 चा. एटीएममधून पाच हजार काढले, आमचं अ‍ॅप बँकेचे एसएमएस वाचतं, त्याने तो एसएमएस वाचून गुपचूप किरकोळ पाकिटातून 5,000 खर्च टाकला. मग मी त्याच पैशातून कामवाल्या मावशींचे 1,800 दिले, इस्त्रीवाल्याचे 250, भाजी-फुलं-नारळ मिळून 800, आणि हे सगळं शहाण्या मुलीसारखं आपापल्या पाकिटात टाकलं. म्हणजे घरातून खरे गेले 2,850 आणि अ‍ॅपच्या मते गेले 7,850. हेच आधीच्या तीन महिन्यांतही झालेलं, कारण ते वाचायचे नियम एकदा बसले की बसले, मी अ‍ॅडजस्ट दाबून फक्त आकडा पुसत होते, नियम तिथेच बसलेला.

दुसरा क्रेडिट कार्डचा, 3,260. कार्डवर खरेदी केली त्या दिवशीच मी ती पाकिटातून वजा करते, ते बरोबरच आहे. पण बिल भरलं की बँकेतून पैसे जातात, एसएमएस येतो, आणि अ‍ॅप परत खर्च टाकतं. एकच साडी दोनदा घेतल्यासारखं. बिल भरणं हा खर्च नाही, खर्च त्या दुकानातच होऊन गेला. यात अजून एक फाटा आहे, नवऱ्याने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय, त्यामुळे तो दुकानात क्यूआर स्कॅन करतो आणि बघणाऱ्याला वाटतं बँकेतून गेले, प्रत्यक्षात कार्डवर चढले. त्याला आता सांगून ठेवलंय की टाकताना कार्ड निवड, स्कॅन केलं म्हणजे बँक असं नसतं.

यूपीआय लाइटचा घोळ सगळ्यात चिवट आणि तो मला सगळ्यात उशिरा कळला. मी लाइटमध्ये 1,000 टाकले, अ‍ॅपने ते खर्चात धरले. लाइटमधून पिन न टाकता पटापट पैसे जातात, एका वेळी हजारपर्यंत आणि आत जास्तीत जास्त 5,000 ठेवता येतात, त्यामुळे शेअर रिक्षा, वडापाव, चहा, कोथिंबीर सगळं त्यातूनच. पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो फक्त तो भरणा, आतले बारके खर्च एकेक करून तिथे येत नाहीत. त्यामुळे एका बाजूला 1,000 फुकट वजा झालेले, आणि दुसऱ्या बाजूला मी खर्च केले 620 पण त्यातले हाताने टाकले 410 च, उरलेले 210 कुठे गेले हे बघायला यूपीआय अ‍ॅपमध्ये लाइटची वेगळी हिस्टरी काढावी लागली. (तीन दिवस लागोपाठ मिसळपाव. मला आठवतही नव्हतं.) म्हणजे इथे अ‍ॅप 1,000 ने कमी आणि 210 ने जास्त, नक्त 790 कमी. अशा उलट-सुलट चुका एकमेकांत मिसळल्या की नुसता फरकाचा आकडा बघून काही म्हणता काही कळत नाही.

बाकी तीन किरकोळ. ऑनलाइन घेतलेला कुर्ता परत केला त्याचे 1,199 बँकेत परत आले पण अ‍ॅपने तो जमेचा एसएमएस उचललाच नाही. भाजीचे 340 मीही टाकले आणि नवऱ्यानेही. आणि कुठल्यातरी मालिकांच्या सबस्क्रिप्शनचे 299 ऑटोपेने गेले ते कोणीच टाकले नाहीत, वास्तविक ऑटोपेचा आदल्या दिवशी मेसेज येतो, तो मी जाहिरात समजून उडवला. आता मांडा, 5,000 अधिक 3,260 अधिक 790 अधिक 1,199 अधिक 340, आणि त्यातून 299 वजा. 10,290. तो आकडा वहीत उतरला तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता आणि मी नवऱ्याला उठवून दाखवला. त्याने एक डोळा उघडून बरं म्हटलं.

मग आता काय बदललं ते सांगते. सगळ्यात आधी अ‍ॅपची एसएमएस वाचायची परवानगी काढून घेतली. ती सोय फक्त अँड्रॉइडलाच मिळते, आयफोनवर अ‍ॅपना एसएमएस वाचता येत नाहीत, म्हणून माझ्या बहिणीकडे हा प्रकार नव्हताच. मला ती सोय अशीही पटत नव्हती, कारण खर्चाचा एसएमएस वाचणारं अ‍ॅप ओटीपीही वाचू शकतं. शिवाय काही बँका 100 रुपयांच्या आतल्या यूपीआय खर्चाचा एसएमएस पाठवतच नाहीत, म्हणजे ऑटोमॅटिकच्या भरवशावर राहिलं तर बारके खर्च तसेही सुटणारच. हाताने टाकायला कंटाळा येतो हे खरं, पण पाच सेकंदाचं काम आहे, आणि टाकताना पाकिटात किती उरलेत ते दिसतं, त्यासाठीच तर अ‍ॅप घेतलं होतं.

मग अ‍ॅपमध्ये चार अकाउंट केली, बँक, घरची रोकड, यूपीआय लाइट, क्रेडिट कार्ड. एटीएममधून काढले की बँकेतून रोकडीत ट्रान्सफर. यूपीआय लाइटमध्ये पैसे भरले की ट्रान्सफर. कार्डचं बिल भरलं की बँकेतून कार्डात ट्रान्सफर. ट्रान्सफर टाकताना अ‍ॅपने पाकीट विचारलं तर थांबायचं, म्हणजे आपण चुकून खर्चाच्या स्क्रीनवर आहोत. काही अ‍ॅपमध्ये फुकटात एकच अकाउंट मिळतं, तिथे सोपा मार्ग असा की एटीएम, यूपीआय लाइटचा भरणा आणि कार्डचं बिल या तिन्ही गोष्टी अ‍ॅपमध्ये टाकायच्याच नाहीत, फक्त खरा खर्च टाकायचा, आणि मोजायच्या दिवशी वर मी केली तशी बेरीज-वजाबाकी कागदावर करायची. चालतं, मी पहिले पंधरा दिवस तसंच केलं.

टाकताना मी स्वतःला एकच विचारते, पैसा घराबाहेर गेला का नुसता खिसा बदलला. पण इथे घर म्हणजे काय ते आपण ठरवायचं. उदाहरणार्थ सासूबाईंना महिन्याचे 3,000 हातखर्चाला देते. पहिल्या महिन्यात मी उत्साहात त्यांनाही विचारायला गेले की कशाला किती गेले, तर म्हणाल्या, दहा रुपयाच्या कढीपत्त्याचाही हिशोब द्यायचा का गं आता तुला? बरोबर होतं त्यांचं. आता ते 3,000 दिले त्या क्षणी खर्च, पाकिटाचं नाव आई, पुढचं आपण बघायचं नाही. फास्टॅगचंही तसंच, खरं तर रिचार्ज म्हणजे खिसा बदलणं, पण आम्ही वर्षातून चार-पाचदा साताऱ्याला जाणारी माणसं, एकेक टोल कोण टाकत बसणार, रिचार्ज केलं की प्रवासाच्या पाकिटातून गेले. फक्त तो फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय ना 15 ऑगस्ट 2025 पासून (तेव्हा 3,000 चा होता), 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, तो घेतला तरी टॅगमध्ये वेगळे पैसे लागतातच हे लक्षात ठेवा, तो खेड-शिवापूर आणि आनेवाडीच्या टोलनाक्याला चालतो पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला चालत नाही. आम्ही पास घेऊन प्रवासाचं पाकीट बंद करून टाकलं होतं आणि मग परत उघडलं.

भिशीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण यावर कुठेच काही मिळालं नाही, अ‍ॅप बनवणाऱ्यांना भिशी माहीतच नाही. आमची बाराजणींची, महिन्याला 2,000. मी दर महिन्याला तो खर्च टाकत होते आणि पाचव्या महिन्यात माझी भिशी लागली, 24,000 आले, मी ते कमाईत टाकले, सगळी पाकिटं फुगली, त्या आनंदात मिक्सर घेतला, पडदे घेतले. पुढचे सात महिने दर महिन्याला 2,000 द्यायचे होते आणि ते कुठल्याच पाकिटात नव्हते, त्यामुळे दर महिन्याला एक पाकीट लालमध्ये, आणि मला वाटायचं महागाई. नीट बघितलं तर आलेल्या 24,000 पैकी त्या महिन्याचे धरून माझे भरलेले होते 10,000, ते माझेच परत आले. उरलेले 14,000 ही उधारी होती, बिनव्याजी असली तरी उधारीच. म्हणून भिशी लागली की त्याच दिवशी पुढच्या सगळ्या हप्त्यांचे पैसे भिशीच्या पाकिटात टाकून ठेवायचे आणि मगच उरलेल्याकडे बघायचं. आणि नंबर लागायच्या आधी भरलेले हप्ते खर्च नाहीत, भिशी नावाचं अकाउंट करून त्यात ट्रान्सफर करायचे, फक्त खिसे मोजताना ते अकाउंटही मोजा, लागली की तेच अकाउंट मायनसमध्ये जातं, तेवढं देणं. शेवटच्या नंबरवाल्या बाईला यातला काही ताप नाही, तिला फक्त धीर लागतो.

दोन फोनवर एकच बजेट असेल तर आमचा नियम, ज्याने पैसे दिले त्याने टाकायचं, दुसऱ्याने हातही लावायचा नाही, मी टाकलेत समज वगैरे नाही. डबल एंट्रीचं दुसरं कारण नेटवर्क आहे. डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने टाकताना रेंज जाते, सेव्ह फिरत राहतं, आपल्याला वाटतं झालं नाही म्हणून परत दाबतो, आणि घरी वायफायला आलं की दोन्ही जातात. फिरत असेल तर सोडून द्या, घरी येऊन यादी बघा.

पगाराच्या तारखेचं एक आहे. पाकिटं 1 तारखेला आपोआप भरायची सेटिंग असते, ती मी बंद केली. आमचा एक पगार 30 ला येतो, दुसरा कधी 1 ला कधी 4 ला, आणि आपोआप भरणारं अ‍ॅप पैसे आलेत का नाही ते बघत नाही, नसलेले पैसे वाटून मोकळं होतं. मग 1 ते 4 या दिवसांत बेरीज जुळणं शक्यच नाही. पैसे खात्यात दिसल्यावर हाताने भरायचं.

फरक शोधताना आमच्या ऑफिसातल्या अकाउंटवाल्या काकांनी दिलेल्या दोन युक्त्या, चुकून एकच चूक उरली असेल तर फार कामाच्या. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक आकडे उलटे पडलेत, 1,540 च्या जागी 1,450 टाकलं की फरक 90 येतो. आणि फरकाची निम्मी रक्कम यादीत सापडली तर जमा-खर्च उलटं झालंय, म्हणजे परत आलेले 600 खर्चात पडले की फरक 1,200. आणि फरक हजार, पाच हजार असा गोल असेल तर बाकी काही बघूच नका, एटीएम किंवा यूपीआय लाइट.

आता 25 ची वाट बघत नाही, रविवारी सकाळी चहाबरोबर खिसे मोजते. चार आकडे, दहा मिनिटं. चुकलंच असेल तर सात दिवसांतलंच, त्यामुळे आठवतं तरी. वीस-पन्नासचा फरक निघाला तर मी किरकोळमध्ये टाकून मोकळी होते, पण शंभरच्या वर सोडत नाही.

तुम्हीही माझ्यासारखं महिनोन्महिने अ‍ॅडजस्ट दाबत आला असाल तर मागचं उकरायला जाऊ नका, त्यातून काही निघत नाही, मी प्रयत्न करून बघितला. आज सगळे खिसे मोजा, तो आकडा अ‍ॅपमध्ये बसवा, पाकिटांत नव्याने वाटा, ते बटण शेवटचं आजच दाबा आणि मग वर लिहिलेलं सगळं आजच्या तारखेपासून लावा. बेरीज जुळायला लागल्यावरही एखादं पाकीट लाल होतच राहिलं तर ती हिशोबाची चूक नाही, तिथे खरंच पैसे कमी ठेवलेत. आमचं वाणसामान एप्रिल-मेमध्ये असंच लाल व्हायचं, वर्षाचं तिखट, हळद, गहू एकदम भरतो म्हणून. आता त्याचा बारावा हिस्सा दर महिन्याला वेगळा टाकते, लोकलच्या तीन महिन्यांच्या पासाचं आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचंही तसंच.

राहिलं फक्त नवऱ्याचं ऑफिसचं फूड कार्ड. त्यात दर महिन्याला पैसे येतात, ते किराण्याला आणि हॉटेलात चालतात पण लाइट बिलाला चालत नाहीत, आणि आमचं अ‍ॅप सगळे पैसे एकाच ढिगात धरतं, त्यामुळे अधूनमधून लाइट बिलाच्या पाकिटात पैसे दिसतात ते प्रत्यक्षात त्या कार्डात असतात. सध्या मी फूड कार्डाचं पाचवं अकाउंट केलंय आणि पगार वाटताना कार्डातली रक्कम आधी वाणसामानाच्या पाकिटात टाकून मगच बाकीचं वाटते. तरी नवरा मित्रांना घेऊन त्यावर बिर्याणी खाऊन येतो तेव्हा सगळं बिघडतं, पण त्याला अ‍ॅप काय करणार.